गाडी बंद करू नकोस

नामखाईच्या गॅरेजात गाडी नेली की आधी शिव्या खायच्या आणि मगच चहा मिळायचा. उलानबातरातल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा, हेच सांगेल. ओचिर तर त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या वाट्याला दुप्पट शिव्या.

"ही बॅटरी आहे का उकिरडा?" मागची सीट उचलून नामखाईनं बॅटरीची पेटी उघडली होती आणि तो पंख्याच्या जाळीतनं लोकरीचे बोळेच्या बोळे ओढून काढत होता. "मेंढरं वाहतोस काय रे गाडीत?"

"आईची शाल आहे ती," ओचिर म्हणाला. "तिथं बसलं की जाळीतनं गार लागतं म्हणते. मग कोंबते काहीबाही."

"अरे, जाळीतनं वारा बाहेर येत नाही, आत जातो! बॅटरीनं श्वास घ्यावा म्हणून ठेवलीय ती. तुझ्या म्हातारीनं तिचा गळा दाबला आणि तू पुढं बसून गाणी ऐकत होतास."

एरवी ओचिरनं दोन शिव्या परत केल्या असत्या. पण आज आईच्याच श्वासाचं काही खरं राहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या फुप्फुसांचा फोटो दिव्यासमोर धरला होता, मग खाली ठेवला होता आणि म्हणाल्या होत्या, "घरी न्या आता."

घर म्हणजे ओचिरच्या दोन खोल्या, असं त्या बाईंना वाटलं. दुलमाला, म्हणजे ओचिरच्या आईला, तसं अजिबात वाटलं नाही. तिचं घर पार उत्तरेला, मोठ्या तळ्याच्या काठी. तिकडची माणसं त्या तळ्याला तळं म्हणत नाहीत, आई म्हणतात. नवरा वारल्यावर लेकाजवळ राहायला म्हणून दुलमा शहरात आली ती इथल्या धुरात खोकतच राहिली.

"मला तिथं नेऊन ठेव," ती म्हणाली होती. "पण जिवंत ने हं मेल्या. नाहीतर एवढा प्रवास फुकट जायचा."

विमानवाल्यांनी तिचं ऑक्सिजनचं नळकांडं बघूनच हात वर केले. राहिली ओचिरची गाडी. नेमकं त्याच आठवड्यात स्टिअरिंगपुढं बॅटरी बिघडल्याचा लाल त्रिकोण पेटला आणि विझायलाच तयार होईना. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या असल्या गाडीत टाकी काठोकाठ भरलेली असली तरी उपयोग नाही, इंजिनाला पहिला धक्का द्यायला ही मागची बॅटरीच लागते. ती मेली की सगळं लोढणं. जानेवारीत उघड्या माळावर गाडी अशी बसली, तर धडधाकट माणूसही बघता बघता आखडतो. दुलमाचं तर बोलायलाच नको.

"नवी मागवू का?" ओचिरनं विचारलं.

"मागव की. जपानहून निघेल, नववर्षाच्या सणानंतर पोचेल. तेवढी थांबणाराय तुझी आई?"

ओचिर खाली पडलेले लोकरीचे बोळे गोळा करायला लागला. नामखाईलाही आपलं तोंड जरा जास्तच सुटलं असं वाटलं असावं. त्यानं चहाचा वाडगा पुढं सरकवला आणि पुन्हा पेटीत डोकं घातलं. सेल ओळीनं मांडले होते. प्रत्येकाला तो गाडीच्या दिव्याचा बल्ब जोडायचा आणि बघायचा. काहींवर बल्ब लख्ख, काहींवर पिवळा पडून मान टाकणारा. सेलांमधल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढली होती.

"जा घरी. उद्या ये. वाईट तेवढे बदलून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी ओचिर गेला तर गाडी तयार होती. लाल त्रिकोण नव्हता. ओचिरचा चेहरा उजळलेला बघून नामखाई त्याच्यावर खेकसलाच.

"हसू नकोस. दळभद्री बॅटरी आहे ही. भंगारातल्या भंगारातनं उभी केलीय. एकदा का थंड पडली तर तुझा बाप आला तरी उठायची नाही. पोचेपर्यंत बंद करू नकोस, कळलं?"

"अजिबात?"

"अजिबात. आणि ती जाळी मोकळी ठेव. चल नीघ, कचरा उचल इथनं."

ओचिरनं ते शब्द मनात कोरून घेतले. माणूस घाबरलेला असला की त्याला ऐकू येतं तेवढंच कळतं.

निघायच्या सकाळी शेजारच्या बाईनं रिवाजाप्रमाणे गाडीमागं दूध शिंपडलं. दुलमाला मागच्या सीटवर उशांमध्ये बसवलं, नळकांडं पायाशी. तिनं जाळीकडं पाहिलं आणि आपली शाल तिथनं स्वतःच बाजूला घेतली.

"घे बाई, तूच घे श्वास," ती जाळीला म्हणाली. मग ओचिरला, "काय म्हणाला नामखाई?"

"शिव्या घातल्या बॅटरीला. भंगार आहे म्हणाला."

"मग झालं तर," म्हणत दुलमानं डोळे मिटले.

रस्ताभर ओचिरचा जीव टांगणीला. दिवसभर चालायचं, कुठं खिंड लागली की डोंगरदेवाच्या दगडांच्या राशीपाशी तीनदा हॉर्न वाजवायचा आणि उतरायचंही नाही. पेट्रोल पंपावरची पोरगी नळी हातात धरून ओरडली, "इंजिन बंद करा!"

"नाही करत."

"मग नाही भरत."

"ताई, मागं बघ एकदा."

पोरीनं काचेतनं बघितलं. दुलमानं तिला दात नसलेलं हसू दिलं. पोरगी पेट्रोल भरायला लागली आणि भरून होईस्तोवर हायवेकडं तोंड करून उभी राहिली.

रात्री एका खाणावळीत आईला चुलीशेजारी निजवलं. तिनं मटण भरलेल्या मोदकासारखं एक बूज निम्मं खाल्लं आणि दोन घोट खारट चहा घेतला. ओचिर बाहेर चालू गाडीत बसून राहिला. मधेच इंजिन आपलं आपणच गप्प व्हायचं. बॅटरी भरलेली असली की ही गाडी असंच करते, तिचा गुणच आहे तो, आणि इतकी वर्षं टॅक्सी चालवून ओचिरला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण दर वेळी तो हीटर वाढवायचा आणि इंजिन पुन्हा घुरघुरायला लागलं की मगच सुटकेचा श्वास टाकायचा. झोप कसली येणार?

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर शेवटचा चढ आला. चढाच्या माथ्यावरनं खाली एकदम ती दिसली, ती तळं-आई, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत गोठून पांढरी. इथनं पुढं गोंबोमामाच्या हिवाळी गेरपर्यंत, त्याच्या नमद्याच्या गोल तंबूपर्यंत, डोंगराआडची कच्ची वाट होती.

"थांब," दुलमा म्हणाली.

ओचिर थांबला. इंजिन चालू.

"काच खाली कर."

त्यानं बोटभर केली. बर्फाळ वारा आत घुसला. दुलमानं कान तिकडं नेला. इंजिनाचा आवाज, हीटरचा आवाज, नळकांड्याची फुसफुस. तिनं तोंड वाकडं केलं.

"हे बंद कर सगळं. काही ऐकू येत नाही."

"काय ऐकायचंय तुला?"

"आई काय म्हणतेय ते."

जानेवारीत बर्फ जाड व्हायला लागलं की ते तळं कण्हतं, घोरतं, कधी खोल पोटातनं हुंकार देतं. दुलमा तो आवाज ऐकत जन्मली, ऐकत वाढली. नव्या नवरीला झोप येईना तेव्हा सासू म्हणाली होती, ऐक, आई जागी आहे, तू झोप. हे तिनं ओचिरला लहानपणी किती वेळा सांगितलं असेल, त्याला मोजदाद नाही.

"आई, बंद नाही करता येत गं. एकदा बंद पडली तर इथंच राहू. या थंडीत."

"गोंबोच्या इथनं ऐकू येत नाही. मध्ये डोंगर आहे."

"उद्या आणतो तुला. शपथ. कुणाचातरी ट्रक घेऊन येऊ, हवा तेवढा वेळ बसू."

"उद्या म्हणे!" तिला खोकला आला. सावरायला वेळ लागला. "अरे, नामखाईनं शिव्या दिल्या ना बॅटरीला? मग ती भक्कम असणार. तुला नाही का मी जन्मभर घाणेरडा कुत्रा म्हटलं? दृष्ट लागू नये म्हणून. सुंदर म्हटलं असतं तर राहिला असतास का तू?"

"ते पोरांचं झालं. यंत्राला कसली दृष्ट?"

"पाच मिनिटं, कुत्र्या."

ओचिरचा हात बटणाकडं गेला. बोट बटणावर टेकलंही. आणि त्याला दिसलं ते असं: काळोख पडतोय, गाडी मेलेली, आई उशांमध्ये निळी पडतेय, आणि तो रस्त्यावर उभा राहून न येणाऱ्या ट्रकला हात करतोय. त्यानं बोट उचललं.

"आधी पोचू दे, आई. जिवंत न्यायचं बोललोय ना तुला?"

दुलमानं थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. "चल मग."

काच वर करून तो निघाला. वाट वाईट होती, बर्फात चाकं घसरत होती, आणि तो सारखा बोलत होता. मामा बाहेरच उभा असेल बघ, चूल पेटवली असेल, नदीचं वळण आलं, ओळखतेस का? मागनं आधी हूं यायचं. मग खोकला यायचा. मग पाइनच्या झाडीपाशी मागनं काहीच येईना. ओचिरनं आरसा वर ढकलला. मागं बघितलं असतं तर गाडी थांबवावी लागली असती, आणि थांबायचं नाही एवढं एकच त्याला कळत होतं. तो बोलतच राहिला. मामाचे याक बघ, केवढे झालेत.

गोंबोमामा खरंच बाहेर उभा होता, हातात दुधाचा वाडगा. हसतच पुढं आला, मागचं दार उघडलं, आणि तसाच वाकून उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं वाडगा बर्फावर ठेवला.

"ओचिर," तो म्हणाला, "गाडी बंद कर."

ओचिरनं बटण दाबलं.

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळी सगळ्याच गोष्टींवर पांढरा थर होता, याकांच्या पाठींवरसुद्धा. गोंबोमामाचे डोळे सुजले होते, पण कामं कुणाला सुटतात?

"खाटगल गावाला जा. लामाला घेऊन ये, तिला पोचवायचा दिवस आणि घटका काढायला. तुझी गाडी उठणार नसेल तर खालच्या बिऱ्हाडाचा ट्रक माग."

"नाही उठायची ती," ओचिर म्हणाला. "नामखाई बोललाय."

खरं सांगायचं तर ती उठू नये असंच त्याला वाटत होतं. मनापासून वाटत होतं. मेलेलीच निघ, बयो, एवढं कर माझ्यासाठी, असं म्हणत त्यानं बटण दाबलं. पुढ्यातले दिवे लख्ख लागले आणि गाडी पहिल्या दमात तयार झाली. जरा वेळानं इंजिन आपलं आपणच सुरू झालं, रोज सकाळी घराखाली व्हायचं तसंच. ओचिर बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

चढाच्या माथ्यावर फोनला रेंज आली आणि लगेच फोन वाजला. नामखाई.

"अरे गाढवा, दोन दिवस झाले, फोन नाही काही नाही! पोचलास का?"

"पोचलो."

"म्हातारी?"

जे झालं ते फोनवर बोलायचं नसतं. "तीही पोचली," ओचिर म्हणाला.

"वा! गाडीनं काही त्रास नाही ना दिला?"

"नाही. बंदच केली नाही मी. तू म्हणालास म्हणून."

पलीकडनं नामखाईचं हसू. "काय म्हणतोस, वाटेत एकदाही नाही? अरे बावळटा, सगळेच्या सगळे सेल बदललेत मी! जपानहून आलेली गाडी, पुढनं चेपलेली, मागं बॅटरी कोरी करकरीत. तुझ्या आईसाठी म्हणून आख्खीच काढून बसवली. दहा हिवाळे हलायची नाही."

"मग तू भंगार का म्हणालास?"

"मग काय म्हणू? आजारी माणूस गाडीत, रस्ता हा एवढा, मी काय तिचं कौतुक करत बसू? लागली असती कुणाची नजर. तू काय परका आहेस का रे, हे सांगायला लागतं तुला?"

"नाही," ओचिर म्हणाला. "परका नाही."

"म्हातारीला माझा नमस्कार सांग. सांग, नामखाईनं शिव्या दिल्या म्हणून."

"सांगतो."

फोन ठेवून त्यानं हीटर बंद केला. मग बटण दाबून गाडी बंद केली. काच खाली केली, पूर्ण. मागच्या सीटवर जाळीच्या बाजूला आईची शाल तशीच घडी करून ठेवलेली होती, आईनं ठेवली होती तशी.

आधी काहीच नव्हतं. मग खालनं, अगदी खोल पोटातनं, लांबलचक हुंकार आला, या डोंगराकडून त्या डोंगराकडं गेला. थोड्या वेळानं दुसरा. मग कुणीतरी कूस बदलावी तसं कण्हणं. ओचिर ऐकत राहिला आणि त्याला रडू फुटलं. त्यानं ते आवरलं नाही, कारण तिथं कुणी नव्हतं.

गाडीत गारठा शिरला, काचा आतनं पांढऱ्या झाल्या, बोटं बधिर झाली. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती.

त्यानं बटण दाबलं. गाडी सुरू झाली.