कितीही बोला

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं जुबेर आणि नाहीद आठवड्यातून एकदाच बोलत. जुबेर माजरीच्या कोळसा खाणीवर एका ठेकेदाराचा डंपर चालवायचा. शहबाज नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर त्यानं खोली घेतली होती. नाहीद वडशाला सासऱ्यांजवळ राहायची. सासरे नूर मोहम्मद नाटक मंडळ्यांचे कपडे शिवणारे जुने टेलर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून ते फक्त माप घेत आणि आकडे सांगत. ते वहीत लिहिणं, कापणं, शिवणं सगळं नाहीदकडे आलं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम, आणि त्या दिवसांत तिला पाठ टेकायला फुरसत नसे.

रविवारी जुबेर एसटीडी बूथवर रांग लावायचा. समोरच्या यंत्रावर बिलाचे आकडे पळत असत, म्हणून काय सांगायचं ते तो आदल्या दिवशीच ठरवून ठेवी. खाणीत पाणी शिरलं तर डंपर कसा वर काढतात, मातीच्या ढिगावर एकदा अस्वल कसं चढून बसलं होतं. नाहीदही तिकडून सांगायची. एखाद्या राजाच्या अंगरख्याला जरीची किनार कमी पडली, मग तिनं साडीचा काठ कसा लावला. बोलणं अर्धं राहिलं की उरलेलं पुढच्या रविवारी.

२००५ च्या दिवाळीत एका कंपनीची योजना निघाली. दोन फोन एकत्र घ्यायचे, महिन्याचे पैसे एकदाच भरायचे, मग त्या दोघांनी आपसात कितीही बोलावं. जुबेरनं पगार झाल्याबरोबर जोडी घेतली. शहबाजला ते पटलं नाही. एवढं बोलायला माणसाजवळ असतं तरी काय, असं तो म्हणाला. जुबेर हसला. याचं लग्न झालेलं नाही, याला काय कळणार, असं त्याला वाटलं.

पहिले दिवस फार चांगले गेले. ड्युटीवर जाताना फोन, आल्यावर फोन, जेवताना फोन. तिनं भाजीत काय टाकलं ते त्याला माजरीत कळायचं. सांगण्यासारखं सगळं पंधरा दिवसांतच संपलं. पण पैसे तर भरलेले होते. मग तो तिला म्हणू लागला, बोलू नकोस, फोन फक्त चालू ठेव, मी ऐकतो.

ती मशीनशेजारी फोन ठेवायची. स्पीकर सुरू करून ठेवायची, म्हणजे हात मोकळे राहायचे. जुबेर खोलीवर पडल्यापडल्या ऐकायचा. हळूहळू त्याला ते घर कानानं दिसू लागलं. फाटकाची कडी वाजली की कोणीतरी आलं. मशीन थांबली की नाहीद उठली. उठली तर कशाला उठली? पाणी द्यायला? कोणाला? तो विचारायचा आणि ती सांगायची. आधी हसून सांगायची, नंतर नुसतीच सांगायची. एकदा तिचा फोन व्यस्त लागला. कापडवाल्याचा होता, ती म्हणाली. कोणता कापडवाला, त्याचं नाव काय, वय काय, हे सगळं जुबेरनं विचारून घेतलं आणि तरी त्याला त्या रात्रीची भाकर गोड लागली नाही.

डिसेंबरात गुणवंतराव यांच्या नाटक मंडळीनं नवा हिरो आणला. विक्की त्याचं नाव. त्याचे चार पोशाख शिवायचे होते. जुबेरनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र रोज ऐकत होता. खर्जातला, भरदार आवाज, बसल्या जागी माणसाला ऐकत ठेवणारा. जुबेर डंपरमध्ये एकटा असताना तसा आवाज काढून पाही आणि स्वतःच ओशाळून गप्प होई. विक्की काही वावगं बोलत नव्हता. बटणं, बाह्या, तलवारीचा पट्टा. पण त्याच्या बोलण्यावर नाहीद हसायची, आणि ते हसणं जुबेरच्या वाट्याला महिनाभरात आलं नव्हतं. विक्की आला की जुबेर कान देऊन पडायचा, आणि गेला की तो किती वेळ बसला होता ते तिला विचारायचा.

एका दुपारी विक्की अंगरखा घालून पाहायला आला. जुबेर पाळी आटोपून नुकताच खोलीवर आला होता. फोनमधून ऐकू आलं, "भाभी, छातीत जरासा ढिला ठेवा. लंबा डायलॉग राह्यते, श्वास घ्या लागते."

नाहीद म्हणाली की ढिला ठेवला तर राजाऐवजी कोतवाल दिसाल. आणि ती हसली. तोही हसला.

जुबेरचं डोकं फिरलं. तो फोनमध्ये बोलला, स्पष्ट आणि मोठ्यानं, पलीकडच्या खोलीत प्रत्येकाला ऐकू जाईल असं. "त्या नाच्याले सांग, माप द्याचा शौक असन तं बजारात जा म्हणा. माह्या घरात नाई."

पलीकडे मशीन थांबली. थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी त्यानं सात वेळा लावला. नाहीदनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून नूर मोहम्मद बोलले. गुणवंतरावांनी माणूस पाठवून सगळं कापड उचलून नेलं होतं. सोळा पोशाख होते, अर्धे कापून झालेले. आता ते ब्रम्हपुरीच्या टेलरकडे जाणार होते.

"अब्बा, तुमाले मालूम नाई, तो माणूस..." जुबेर म्हणू लागला.

"मी तिथीच बसलो होतो," नूर मोहम्मद म्हणाले. "टेप माह्या हातात होता. दिसत नाई मले, पण बसलो तं होतो. तू तिले नाई बोलला जुबेर, मले बोलला."

जुबेरनं दोन दिवसांची सुट्टी घेतली. बसनं चंद्रपूर आणि तिथून गोंदियाची गाडी धरून तो वडशाला उतरला. घरी नाहीदनं पाणी दिलं, जेवण वाढलं. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि त्यानंच तो जास्त घाबरला. मशीनवर कव्हर चढवलेलं होतं. हंगामाच्या ऐन भरात ते कव्हर त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं माफी मागितली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "पयले तुमी मले अस्वलाचं सांगत होते. आता फक्त कोण आला, कोण गेला. मी हसली, हे खरं हाये. दिवसभर मान मोडून काम करते, कोणी चांगला बोलला तं हसते. त्याचं काय करता?"

ती आपण होऊन कबूल करते आहे, लपवत नाही, हे त्याला कळत होतं. तरी तो आवाज तिला आवडत असावा, हेही त्याच वेळी मनात टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुणवंतरावांकडे गेला. रेल्वे फाटकाजवळ एका धानाच्या गोदामात मंडळीचा मुक्काम होता. विक्की बाहेर बाजेवर बसून संवाद पाठ करत होता. जुबेरनं त्याला आवाजावरून ओळखलं. माणूस आवाजाहूनही देखणा निघाला. उंच, दाट केसांचा. जुबेरला आपल्या नखांतला कोळसा आठवला आणि त्यानं मुठी मिटल्या. आल्यापावली परत फिरावं असं त्याला वाटलं.

तो परतला नाही. गुणवंतराव बाहेर येईपर्यंत थांबला आणि दोघांसमोर बोलला. म्हणाला की चूक माझी, बापाची नाही आणि बायकोची तर मुळीच नाही. काम परत द्या, माझ्या घरात तुमच्या माणसांना मान मिळेल.

"भाऊ, आमाले लोकं नाच्या म्हणतेत, ते आमाले आयकाची सवय हाये," गुणवंतराव म्हणाले. "पण नूरभाईच्या घरात कधी नोयतं आयकलं. चाळीस वर्षांत."

विक्कीनं संवादांच्या वहीतून डोकं वर केलं नाही. शेवटी गुणवंतरावांनी नऊ पोशाख परत पाठवायचं कबूल केलं. बाकीचे ब्रम्हपुरीला गेले होते. विक्कीचे चारही त्यातच होते, आणि ते तिथंच राहतील असं त्यांनी सांगून टाकलं.

दुपारी कापडाचं गाठोडं घरी आलं. नूर मोहम्मद हातानं चाचपून एकेक कापड ओळखू लागले. नाहीदनं कव्हर काढलं. मशीनला तेल घालता घालता तिनं जुबेरला सांगितलं की फोन ती ठेवेल, पण कामाच्या वेळी तो बंद राहील. तिला बोलावंसं वाटेल तेव्हा ती लावेल. तो हो म्हणाला. हे बोलणं सोपं होतं.

माजरीला परतल्यावर ते पाळणं कठीण गेलं. पैसे भरलेला महिना अजून उरला होता आणि फोन खिशात होता. डंपर भरण्याच्या रांगेत उभा असताना त्याचा हात आपोआप खिशाकडे जाई. शहबाज ते पाही. दोनदा त्यानं नंबर लावलाही. बंद. तिसऱ्यांदा त्यानं फोन शहबाजच्या पेटीत टाकला आणि कामावर गेला, आणि तेव्हापासून संध्याकाळीच तो बाहेर काढू लागला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचाच फोन आला. जुबेरनं तिला सांगितलं की कोळशाच्या ढिगाला आपोआप आग लागली होती, आणि तीन टँकर पाणी टाकलं तरी आतून धूर निघत होता. तिनं विचारलं की आग दिसत नाही तर कळतं कसं. त्यानं सांगितलं, वासावरून कळतं, आणि ढिगावर चाललं की चपलीतून पाय भाजतो. ती लक्ष देऊन ऐकत होती.

त्याला एक गोष्ट विचारायची होती. त्यानं ती विचारली नाही.

"तो नाई आला," नाहीद आपण होऊन म्हणाली. "मंडळीतले बाकीचे येऊन गेले."

"मी काई विचारलं नाई," तो म्हणाला.

"मालूम हाये मले."

त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली, आणि आपल्या श्वासावरून तिला ते कळेल या भीतीनं त्यानं फोन जरा तोंडापासून दूर धरला.