मंजिष्ठेला आवतण

शकुच्या हातच्या लेपाचं जबलपूरच्या मराठी घरांत भारी कौतुक होतं, आणि त्या कौतुकाची तिला चटक लागली होती, हेही खरं. शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या तिच्या स्वयंपाकघरात कायम काहीतरी वाळत असायचं, नाहीतर खलात कुटलं जात असायचं. पण मूळ खणायला ती अशीच उठून जायची नाही. आदल्या संध्याकाळी वेलाला हळदकुंकू, अक्षता वाहायच्या, ज्याच्यासाठी न्यायचं त्याचं नाव घ्यायचं आणि उद्या येते म्हणून आवतण द्यायचं. विकायला हवं असेल तर ‘मागतील त्या सगळ्यांसाठी’ म्हणायचं. आईनं घालून दिलेली ही रीत तिनं कधी मोडली नव्हती.

लेकीचं, गीतांजलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या गालांवर काळे डाग होते. शकु जवळच्या मझौली गावाला गेली, शेताच्या बांधावरच्या मंजिष्ठेच्या वेलाला गीतांजलीच्या नावानं आवतण दिलं आणि दुसऱ्या दिवशी लालबुंद मुळं घेऊन परतली. लेप असा काही साधला की पोरीचे डाग पार गेले. शकुच्या जिवाला केवढं बरं वाटलं!

मुळं उरली होती. कमानिया गेटजवळ शृंगाराच्या सामानाचं दुकान चालवणारी पुष्पा मागेच लागली.

“शकुताई, डब्या भरून द्या ना! गिऱ्हाईक विचारून राहिले.”

“हे गीतूच्या नावाचं आहे बाई.”

“अच्छा! मुळाला काय समजते?”

परत मझौलीला जायचा कंटाळा, त्यात स्तुतीचा मोह. शकुनं डब्या भरल्या.

लग्न तोंडावर आलं. “आई, फोन माझं तोंड ओळखूनच नाही राहिला,” गीतांजली म्हणाली, तेव्हा शकुनं ते हसण्यावारी नेलं. आमंत्रणं, बस्ता, मानपान. तिला लेकीकडे धड बघायलाही फुरसत नव्हती.

एके दुपारी ती पुष्पाच्या दुकानात गेली, तर आरशासमोर गीतांजली उभी.

“गीतू, तू इथं काहून?”

मुलगी वळली. “मैं सलोनी हूँ, आंटी. आपका लेप तो जादू है!”

तिच्या हनुवटीवर डावीकडे तीळ होता. गीतांजलीला आहे तसा. मागून एक पिकल्या केसांची बाई पुढे आली; तिलाही तोच तीळ, गीतूसारखीच एका बाजूनं उमटणारी खळी. शकुनं पुष्पाकडे पाहिलं.

“मीबी लावून राहिले ना,” पुष्पा हसली. खळी तिच्याही गालावर पडली.

शकु तशीच रिक्षात बसली. मझौलीला जाऊ, वेलाच्या पाया पडू, सगळं नीट होईल, असं ती स्वतःला बजावत होती.

घरी पोचली तर दार एका मुलीनं उघडलं. चेहरा स्वच्छ, नितळ. पण त्यावर ना तीळ, ना खळी; लक्षात राहावं असं काहीच नव्हतं. लग्नाला आलेली कुणाची तरी असेल, असं शकुला वाटलं.

“बेटा, जरा गीतांजलीला हाक मार.”

मुलीनं तिचा हात धरला. “आई, काहून असं करून राहिली?”

आवाज लेकीचाच होता. शकुनं तिला घट्ट कवटाळलं आणि डोळे मिटून घेतले. उघडायचा तिला धीर होईना; डोळे उघडले की मिठीत कुणीतरी परकीच दिसणार होती.