आत्याबाईंच्या सपाता

कापूस पिकवणाऱ्याच्या घरात धड कापड नसावं, हे ऐकून कुणालाही हसू येईल. मला त्या वर्षी हसू येत नव्हतं, संताप येत होता. माजघर कापसानं असं भरलं होतं की चुलीपर्यंत अंग आडवं करून जावं लागे, आणि भाकरीच्या घासागणिक तोंडात एक तंतू. सातासमुद्रापलीकडे गोरे आपसांत लढत होते म्हणे. तिकडचा कापूस अडला, म्हणून आमच्या बार्शीटाकळीच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सगळा माल मुंबईला. मग कोष्ट्याला सूत कुठून मिळणार? बाजारात साधं लुगडं विचारलं तर दुकानदार असा बघे, जशी काही मी त्याची लेकच मागायला आले आहे.

आणि नेमक्या त्याच वर्षी मला कापडाच्या सपाता शिवायच्या होत्या. हौस म्हणून नव्हे. माझी आई तिकडे नांदगाव खंडेश्वरला अंथरुणाला खिळली होती. माझा भाऊ भगवंत कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "मने, मायले आता दिसत नाही. जो येईन त्याचा हात चाचपते अन् मनकर्णा आली का म्हनते. मी शनवारी परत फिरतो. तयार राह्य." तीन वर्षं मी माहेर पाहिलं नव्हतं.

आमचे धनी म्हणाले, "आई चालती झाली की जा. नाही तं घर कोन पाहीन?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई, पार्वताबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यातल्या एकीत बाभळीचा काटा शिरला आणि पाय सुजून भोपळा झाला. वैदूनं काटा काढला, लेप दिला आणि बजावलं की महिनाभर मातीला पाय लागता कामा नये. सोपा उपाय होता, जोडा घालायचा. पण सोपा उपाय आमच्या घराला कधी मानवला आहे?

मागच्या हंगामात आमचा कबऱ्या बैल अकोल्याच्या वाटेवर पडला. भाव चढला म्हणून खेपांवर खेपा चालल्या होत्या, त्या ओढून ओढून मेला बिचारा. रिवाजाप्रमाणे त्याचं कातडं गावच्या मोच्याकडे गेलं, आणि रिवाजाप्रमाणेच दोन महिन्यांनी मोच्यानं घरात नवे जोडे आणून दिले. आत्याबाईंनी जोड्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "हे कबऱ्याचं तं नाही?" मोची खरा माणूस, खोटं बोलला नाही, नुसता गप्प राहिला. कबऱ्याला त्यांनी वासरू असल्यापासून हातानं चारलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी पायात कातडं घातलं नाही. मला त्यांचं दुःख कळत होतं. पण त्या दुःखापायी माझं माहेर अडलं होतं, ते कुणाला कळत होतं?

शेजारच्या रजियाबी, गुलाम नबी पिंजाऱ्याची बायको, घरात कापडी सपाता घालत. त्यांनी मला कृती सांगितली. तळव्याच्या आकाराचे कापडाचे सात-आठ थर, मध्ये कापूस, सगळ्यात खाली तरट, दोऱ्याला मेण लावून गोधडीसारखे दाट टाके, आणि वर चवड्यावरून पट्टा. "एक दिन का काम हय," म्हणाल्या. त्यांना माझ्या सासूचा अनुभव नव्हता.

माळ्यावरच्या गाठोड्यातून मी एक जुनं धोतर काढलं. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या, तशाच बसल्या जागी त्यांचा पाय फळीवर कोळशानं आखला. दोन दिवस बोटांत दाभण टोचून घेत शिवलं. त्या सपाता घालून उभ्या राहिल्या आणि अशा ओरडल्या की गोठ्यातली गाय उठली. बसल्या पायाचं माप वेगळं, उभ्या पायाचं वेगळं. अंगाचा भार आला की पाय पसरतो. रजियाबी हसून हसून वेड्या झाल्या. "अगे, खडे पाव का नाप लेते, बैठे का नइ!" हे आधी सांगायला काय झालं होतं, ते मी मनातच ठेवलं.

उसवायला घेतल्या, तर आत्याबाईंनी एक तुकडा उजेडात धरला.

"हे धोतर कोनाचं व?"

"जुनं होतं, आत्याबाई. माळ्यावर पडलं होतं."

"पडलं होतं? तुह्या सासऱ्याचं हाय हे! म्या ठेवलं होतं. त्यायच्या धोतरावर पाय ठेवू मी? नरकात धाडतं काय मले?" त्यांनी एकेक तुकडा डोळ्यांना लावला, घडी घातली आणि पदरात बांधला. माझे दोन दिवस गेले ते गेलेच.

मंगळवारी मी उभ्या पायाचं माप घेतलं आणि गोठ्याच्या आढ्यावरून एक जाड, मळकं कापड ओढून काढलं. जाड होतं म्हणून मला आनंदच झाला. चार थरांतच काम भागलं. बुधवारी सकाळी सपाता पुढं ठेवल्या. आत्याबाईंनी त्या हातात घेतल्या, वास घेतला आणि ढसाढसा रडायला लागल्या. ती कबऱ्याची पोळ्याची झूल होती. बैलाचं कातडं नको म्हणून सपाता शिवायला बसले, आणि शिवलं काय, तर त्याच बैलाची झूल! कपाळावर हात मारून घेतला मी. त्या घरात एक चिंधी अशी नव्हती, जिच्यात कुणी ना कुणी मेलेलं बसलं नव्हतं.

मग धन्यांना विनवलं. गुरुवारी ते अकोल्याहून आले ते बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घेऊन. "कापड काहून नाही आनलं?" मी विचारलं, तर म्हणतात, "फार महाग हाय व." आणि हातातली चांदी लखलख करत होती. बोलले असते तर गावानं ऐकलं असतं.

शुक्रवारी सकाळी मी माझी पेटी उघडली. आईनं लग्नात दिलेलं हिरवं लुगडं, लाल काठाचं. तेच नेसून माहेरी जायचं ठरवलं होतं. आईला आता दिसत नाही, पण हातानं काठ चाचपून तिनं ते ओळखलं असतं. मी ते मांडीवर घेतलं, थोडी रडले, आणि कातर चालवली. संध्याकाळपर्यंत सपाता झाल्या.

आत्याबाईंनी पाहिल्या. ओळखलं हे मला दिसलं. लग्नात त्यांनीच तर त्या काठाला नावं ठेवली होती. पण त्यांनी सपातांत पाय घातले, विहिरीपर्यंत गेल्या, घागर घेऊन आल्या आणि धन्यांना म्हणाल्या, "मी चालून राहिली. जाऊ दे तिले."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली चीड. नवऱ्याच्या धोतरावर पाय चालत नाही, बैलाच्या झुलीवर चालत नाही, सुनेच्या लुगड्यावर मात्र चालतो!

शनिवारी भगवंताची गाडी आली. मी ठिगळाचं लुगडं नेसून बसले. आत्याबाई वेशीपर्यंत पोचवायला आल्या, सपाता घालून, ठणठणीत चालत. मी नीट बोललेही नाही. गाडी हलली. नाल्याच्या अलीकडे मी मागं वळून पाहिलं.

आत्याबाईंनी सपाता काढल्या होत्या. तळाची धूळ पदरानं पुसून त्या दोन्ही कपाळाला लावल्या, काखेत घेतल्या, आणि सुजल्या पायानं काळ्या मातीतून लंगडत घराकडे निघाल्या. म्हणजे आदल्या संध्याकाळपासूनचं ते चालणं माझ्यासाठी होतं. मी जावं म्हणून.

"थांबव!" मी ओरडले. भगवंत म्हणाला, "आता काय राह्यलं?" मी खाली उडी मारली आणि धावत गेले.

"आत्याबाई! हे काय चालवलं? घाला पायात!"

त्या चोरी पकडल्यासारख्या उभ्या राहिल्या. "तुह्या मायनं देलं होतं व ते. लेकीच्या लगनाचं. त्याच्यावर कसा पाय ठेवू मी?"

"सात वर्षं मले उठता-बसता बोलून राहिल्या, तवा काही वाटलं नाही! अन् आता लुगड्यावर पाय ठेवाले जीव होत नाही? माह्या मायनं मले देलं, म्या तुमाले देलं. घाला म्हनते ना!"

मी मातीत बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला, पुसला आणि सपाता चढवल्या. त्या माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता काही गोड बोलतील.

त्यांनी दोन पावलं टाकून पाहिली.

"डावी सैल हाय," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "मायले भेट, पोटभर राह्य. मंग ये अन् टाका मार. मले दुसऱ्या कोनाचा टाका नाही जमत."

तिकडून भगवंत हाका मारत होता. मी गाडीकडे पळाले, आणि या वेळी त्या वेशीआड दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले.