महाराजांची नाडी आणि माझी साक्ष

बाळापूरच्या मैदानात हजारभर माणूस गोळा झालं होतं आणि सगळ्यांच्या पुढे, खास मांडलेल्या खुर्चीवर, सायन्सचा मास्तर म्हणून मी बसलो होतो. एकोणसत्तर सालची गोष्ट. बावळटपणात त्या दिवशी पहिला नंबर माझा होता, हे आधीच सांगून टाकतो.

"डाक्टरी हार गई, भक्तहो!" नाडीनाथ महाराज गरजले. "मी काळजाले म्हणतो थांब, ते थांबते! या रामराव मास्तर, पाहा नाडी!"

मी ऐटीत घड्याळ सरसावलं, त्यांचं मनगट धरलं. दोनचार ठोके लागले आणि नाडी गेली! अर्धा मिनिट काहीच नाही. "बंद आहे!" मी जाहीर केलं. मास्तर खोटं बोलत नाही, म्हणून गावाने माझ्या शब्दावर नारळ फोडले.

महाराजांची गरज मलाही होती. माझे वडील चाळिशीत वखर हाकता हाकता गेले, भाऊ बाविसाव्या वर्षी कबड्डीच्या मैदानात. आता सोळा वर्षांची अनुपमा जिना चढताना भोवळ येऊन पडू लागली होती. महाराज म्हणाले, "घराण्याचं काळीज कोणीतरी करणी करून बांधून ठेवलं. पोरीनं मारुतीले धावत एकशेआठ फेऱ्या घालाव्या."

बायको, वच्छला, फणफणली. "पोरगी जिन्यावर पडते अन् तुमी तिले धावाले लावून राहिले? डोकं गहाण ठेवलं का?"

"मी स्वतः नाडी पाहिली," मी म्हणालो. केवढा शहाणा!

शनिवारी अनुपमा धावली. अकराव्या फेरीला पायरीजवळ कोसळली, ओठ निळे. "गाठ सुटून राहिली! उठवा, पळवा तिले!" महाराज ओरडले. आणि मी, तिचा बाप, तिला उठवायला वाकलो. हे लिहिताना अजून लाज वाटते.

तेवढ्यात वच्छला सरकारी दवाखान्यातल्या कुंदाबाई डॉक्टरांना ओढत घेऊन आली. बाईंनी मला ढकललं, पोरीला नीट निजवलं आणि छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. अनुपमाने डोळे उघडले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मग बाई वळल्या. "महाराज, थांबवा बरं काळीज."

महाराजांनी डोळे मिटले. मी सवयीने मनगट धरलं. "बंद!" बाईंनी नळी त्यांच्या छातीवर टेकवली आणि कानातली टोकं माझ्या कानात घातली. काळीज चक्कीच्या इंजिनासारखं धडधडत होतं!

"हात वर करा."

महाराज करेनात. गर्दीतल्या सूर्यभान पहिलवानाने तो धरून वर केला. कफनीतून लिंबू टपकन खाली पडलं.

"काखेत लिंबू दाबलं की हाताची रक्तनळी दबते," बाई म्हणाल्या. "कॉलेजात आम्ही पोरी हाच खेळ करायचो."

पंप चालू, नळी दाबलेली. हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवतो.

"आता शर्ट काढा, मास्तर."

"माझा कशाला?"

"पोरीच्या छातीत फुसफुस आहे, ठोके चुकतात. तुमचे वडील असेच गेले, भाऊ गेला. कुठून आलं ते पाहू." त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "तीच फुसफुस. कोणी काही बांधलं नाही, मास्तर. तुमच्या घराण्यात हृदयाचा स्नायू जाड होतो. तिला तुमच्याकडून आलं."

बाईंनी चिठ्ठी देऊन धाडलं, आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात अनुपमाच्या पोटाच्या कातडीखाली बॅटरीचं यंत्र बसवलं. ठोका चुकला की ते विजेचा टोचा देतं. स्नायू बरा होत नाही, धावणं आम्हा दोघांनाही मना. पण जिन्यावर ती पुन्हा पडली नाही.

गावी परतलो तर शेजारच्या पार्बताबाई हळदीकुंकू घेऊन हजर. "पोरी, तुह्या पोटातल्या देवाचं दर्शन दे."

"देव नाही काकू, बॅटरी आहे. दोन वर्षांत संपते, मंग नवी बसवा लागते," अनुपमा म्हणाली. "माह्या बापाचं डोकं मात्र बदलून भेटलं नाही मुंबईत."

खरंय. म्हणून सांगतो, तुमच्या घरात तरणंताठं माणूस धावताना गेलं असेल, तर महाराज शोधू नका. भावंडं, लेकरं, सगळ्यांना दवाखान्यात न्या. आणि खुर्चीवरचा कोणी मास्तर "बंद आहे" म्हणाला, तर त्याला विचारा, छाती ऐकली का? मी ऐकली नव्हती.