मधुवंतीचं वैराग्य

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. काशीतली, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका मराठी घरातली गोष्ट सांगते. मन लावून ऐका.

साल एकोणीसशे त्र्याण्णव. वेणीमाधवशास्त्र्यांचा मुलगा काविळीनं गेला. मागे राहिली सून मधुवंती, वय बावीस. ती रडली नाही. पांढरी साडी दिली, नेसली. हळदीकुंकवाच्या दिवशी वरच्या खोलीत बस म्हणाले, बसली. तव्याचा चटका बसला तरी बोट मागे घेईना.

"काय वैराग्य पोरीचं!" घाटावर लोक म्हणत, आणि शास्त्रीबुवांचा ऊर भरून येई. तत्त्वज्ञान म्हणजे देवाधर्माचंच, विधवेला शोभेल, म्हणून त्यांनीच तिला ते शिकायला विद्यापीठात घातलं.

तिथे पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "आपको क्या लगता है?"

आपल्याला काही वाटतं का, हेच मधुवंतीला आठवेना. सर मात्र विचारत राहिले.

वर्ष सरलं. एका सकाळी शास्त्रीबुवा प्रसन्न चेहऱ्यानं स्वयंपाकघराच्या दारात आले. "सूनबाई, हरिद्वारच्या मठात तुझं ठरवून आलो. परवा निघायचं. दीक्षा घे. एवढी विरक्ती चुलीपाशी वाया का घालवायची?"

"मामंजी, एक विचारू?"

"विचार की."

"भूकच लागत नाही असा माणूस जेवला नाही, तर त्याचा उपास घडला का?"

"छे! तो आजारी. त्यात कसलं पुण्य?"

"मग मीही आजारीच आहे, मामंजी. मला कशाचीच भूक लागत नाही. हे वैराग्य नव्हे. मी मठात जाणार नाही, परीक्षेला बसणार."

"बस हो गया!" सासूबाई कडाडल्या. "युनिवर्सिटीत हेच शिकवतात वाटतं, सासऱ्याला कोंडीत धरायला?"

शास्त्रीबुवा म्हणजे जन्मभर वादसभा गाजवलेला माणूस. पण निवाडा त्यांच्याच तोंडून झाला होता. मधुवंतीला ना भीती वाटली, ना आनंद.

कोपऱ्यात शरदिनीआत्या वाती वळत होत्या. शास्त्रीबुवांची ही थोरली बहीण अकराव्या वर्षी विधवा झालेली. तिच्याही वैराग्याचे गोडवे घरानं साठ वर्षं गायले. तिचे हात थांबले.

"मधू," आत्या हळूच म्हणाल्या, "मला लागायची गं भूक. खूप लागायची. कुणी विचारलंच नाही."

मधुवंतीनं पिशवी खांद्याला लावली आणि ती तासाला गेली.

मायबाप, उद्या कुणाच्या वैराग्यापुढे हात जोडाल, तेव्हा एवढं करा. शरदिनीआत्यांची आठवण ठेवा.