टिनेकेचा बुधवार

"सासूबाईंबद्दल अभिनंदन, रुड!" माझ्या मेहुणीने, हेन्नीने, माझा हात गदागदा हलवला, तीनदा गालाला गाल लावला आणि ती पुढच्या खुर्चीकडे सरकली.

सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्याचं एकट्याचं अभिनंदन करून भागत नाही. खोलीतल्या एकूणएक माणसाचं करावं लागतं. मुलीचं आईबद्दल, नातीचं आजीबद्दल आणि माझ्यासारख्याचं सासूबद्दल. मग गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसायचं, कॉफी घ्यायची, सफरचंदाच्या केकचा तुकडा संपवायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी बोलायचं. एकदा त्या गोलात बसलं की संध्याकाळपर्यंत सुटका नाही.

माझी बायको टिनेके खिडकीजवळ बसली होती. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते हसू माझ्या ओळखीचं आहे. घरून निघतानाच ती ते लावून घेते.

टिनेके गावातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, अगदी आमच्या लग्नाआधीपासून. दाराची घंटा, फोन, खोकणारी माणसं आणि त्यांच्या न संपणाऱ्या कहाण्या. दुकानात ती सगळ्यांची लाडकी. संध्याकाळी मात्र ती थेट घरात येत नसे. सायकल लावायला मागच्या शेडमध्ये जायची आणि तिथेच अंधारात, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून राहायची. मी जेवण उशिरा लावायला शिकलो. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिला तिथून उठताच येईना. हाताला धरून आत आणलं तेव्हा तिचा हात बर्फासारखा गार होता.

मार्चमध्ये त्या सगळ्याला नाव मिळालं. ऑटिझम. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. टिनेके डॉक्टरीणबाईंना एवढंच म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाहीये तर." ती शांत होती, रुमाल मला काढावा लागला.

दुसऱ्याच आठवड्यात तिने मालकिणीकडे पाचाऐवजी चार दिवसांचं काम मागितलं.

"मग शुक्रवार घे की," मालकीण म्हणाली. "सगळे शुक्रवारच घेतात. सुट्टीला जोडून येतो."

"मला जोडून नकोय, मधे हवाय. दोन दिवस मी तग धरते. तिसऱ्या दिवशी माणसांचे आवाज एकमेकांत कालवल्यासारखे होतात. बुधवारच हवा."

मालकिणीने खूप आढेवेढे घेतले. टिनेके प्रत्येक वेळी तेच वाक्य त्याच स्वरात म्हणत राहिली. शेवटी मालकीणच दमली. पगार कमी झाला आणि बुधवार आमच्या घरी आला. सुरुवातीचे काही बुधवार टिनेके नुसती झोपून होती. मग एका गुरुवारी ती शेडमध्ये थांबलीच नाही. सरळ स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "कांदा करपतोय तुझा." कांदा करपल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

पण बुधवार कशासाठी, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सुट्टीच्या दिवसाला नाव असतं. तरुण बाप आठवड्यातून एक दिवस पोराबरोबर घरी राहतो, तो बाबाचा दिवस. आजी नातवंडं सांभाळते, तो आजीचा दिवस. नाव असलं की कुणी काही विचारत नाही. टिनेकेच्या बुधवाराला नावच नव्हतं आणि बिननावाची गोष्ट लोकांना मोकळी पडलेलीच वाटते.

तसंच झालं. केक संपत आला तसा आमच्या लेकीने, फेन्नाने, कपावर चमचा वाजवला. तिच्या मांडीवर तिचा मुलगा मेस होता.

"मंडळी, ऐका! पुढच्या महिन्यापासून मी कामावर परत जातेय. पाळणाघर सोमवारी आणि मंगळवारी आहे. आणि आई आता बुधवारी मोकळी असते, तर बुधवार म्हणजे आजीचा दिवस!"

एकच गलका झाला. "अभिनंदन, टिनेके!" "नातवाबद्दल अभिनंदन!" हेन्नी तर हात पुढे करून उठलीसुद्धा. टिनेके माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, पण तिने नकारार्थी मान हलवली. हे तिलाच बोलायचं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? मंगळवार बरा पडेल का तुला?" फेन्ना म्हणाली.

"मंगळवारी मी कामावर असते. बुधवारी मी मोकळी नसते, फेन्ना. बुधवारी मी कुणाशी बोलत नाही. मला ऑटिझम आहे. मार्चमध्ये कळलं."

मग हेन्नी हसली. "अगं, थोडंफार सगळ्यांनाच असतं ते! माझ्या कपाटातले टॉवेल बघ, सगळे एका रांगेत!"

"टॉवेल लावून तू अंधारात जाऊन बसतेस का?"

"छे, कशाला?"

"मग तुला नाहीये."

फेन्नाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सरळ सांग ना आई, मेस नकोय तुला."

"मेस हवाय. शनिवारी हवाय, दर शनिवारी. मला तो शनिवारी ऐकू येतो, फेन्ना. बुधवार नसला ना, तर त्याचं हसणंसुद्धा मला दाराच्या घंटेसारखं लागतं. ते मला नकोय." तिने हातातला कप बशीत ठेवला. "बुधवार मी कुणालाही देणार नाही."

कुणीतरी हवापाण्याचा विषय काढला आणि सगळे त्यावर तुटून पडले. टिनेके उठून बाहेर गेली. ती घरी निघायला कोट घ्यायला गेली असेल म्हणून मी रिकामे कप गोळा करून मागोमाग निघालो. पण ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

सिंकपाशी सासूबाई होत्या. स्वतःच्याच वाढदिवसाला त्या गोलातून कधी उठल्या, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ते कधीच कुणाच्या लक्षात येत नाही. त्या कप धूत होत्या. बाजूला कोरडे, कुणी न वापरलेले कपही ओळीने मांडलेले होते, आणि धुऊन झालेला एक कप त्यांनी पुन्हा पाण्यात घातला.

"ऐकलं मी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तुझे बाबा सगळ्यांना सांगायचे, आमच्या हिला भांडी धुवायची भारी हौस."

"नव्हती?" टिनेकेने विचारलं.

"हौस कसली गं? इथे पाण्याचा आवाज असतो. एकच आवाज."

टिनेके त्यांच्याकडे बघतच राहिली. सासूबाईंनी नळ बंद केला, ॲप्रनला हात पुसले आणि उजवा हात पुढे केला, रीतसर, गोलात करतात तसा.

"अभिनंदन, टिनेके," त्या म्हणाल्या. "बुधवाराबद्दल."

टिनेकेने तो हात दोन्ही हातांत धरला. मग हुकावरचं फडकं काढलं आणि ती आईशेजारी उभी राहून कोरडे कप पुसायला लागली. मी माझे कप ओट्यावर ठेवून बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.

"आजी कुठे गेली?" गोलातून कुणीतरी विचारलं.

"भांडी धुतायत," मी म्हणालो.

सगळे हसले, दर वर्षी हसतात तसेच. "हौसच आहे बाई आईला!" हेन्नी म्हणाली. फेन्ना तेवढी हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. मग मेसला कडेवर घेऊन उठली, दाराला बोटभर फट राहिली होती तिथे गेली आणि आवाज न करता ते घट्ट लावून आली.