पालोमाचं पिल्लू

मित्रांनो, मी एक म्हातारी अल्पाका आहे, उंटाच्या कुळातलं लोकरीचं जनावर. अंगाने तपकिरी, म्हणून माझं नाव चुंपी; आमच्याकडच्या बोलीत चुंपी म्हणजे तपकिरीच. पेरूच्या ज्या उंच माळावर मी जन्मले, तिथे झाड म्हणून उगवत नाही; उगवतं ते खरखरीत गवत. आमची मालकीण निकासिया आणि तिचा नवरा फोर्तुनातो, या दोघांचा सगळा संसार आम्हा वीसेक जनावरांवर.

निकासियाने आमचं सगळं केलं, हे मी नाकारत नाही. नखं वाढली की ती कापायची, खरूज झाली की चरबी चोळायची, थंडीत गवत करपलं की ओटचा वाळका चारा घालायची. पण तो चारा आधी पडायचा पालोमापुढे. पालोमा पांढरीशुभ्र. तळहातावरचं मीठ चाटायला पहिली तीच. सणाला आमच्या कानांत लोकरीचे लाल गोंडे बांधतात, त्यातले सर्वांत मोठे तिलाच. मी मागे उभी राहून उरल्यासुरल्या काड्या चघळायची आणि आतल्या आत जळायची.

एका पावसाळ्यात आम्ही दोघी बरोबरच व्यालो. मला तपकिरी पिल्लू झालं, तिला पांढरं. थोड्याच दिवसांत भर दुपारी गारपीट झाली. वीज पालोमावर पडली. तिचं पिल्लू जरा लांब होतं, म्हणून वाचलं. माझं मात्र भिजून गारठलं आणि माझ्या पायाशीच गेलं.

"पांढरीचं पिल्लू बाटलीवर जगायचं नाही," फोर्तुनातो म्हणाला. "आणि इकडे चुंपीच्या सडांत दूध तुंबलंय."

"मग बघत काय बसलास? सुरी आण."

निकासियाने माझ्या मेलेल्या बाळाचं कातडं सोललं. सोलताना ती रडत होती. मग ते कातडं तिने पालोमाच्या पिल्लावर दोरीने बांधलं आणि पिल्लू माझ्याकडे ढकललं.

मी हुंगलं. पाठीला वास माझ्या बाळाचा, पण मानेखाली पालोमाचा! मी लाथ झाडली. ते कोलमडलं, उठलं, पुन्हा आलं.

"भारी खुनशी आहे गं तुझी चुंपी!"

"तुझ्या आईपेक्षा बरी. पाय धर तिचे आणि गप बस."

मग निकासिया माझ्या मानेला कपाळ टेकवून म्हणाली, "बायो, तुझं गेलं ते मला परत आणता येत नाही. पण हे उपाशी आहे गं." तिने तळहातावर मीठ धरलं. सगळ्यांच्या आधी, मला! ज्या मिठासाठी इतकी वर्षं जळले, ते तोंडाशी आलं आणि मला चाटवेना.

रोज फोर्तुनातो माझे पाय धरायचा आणि पिल्लू प्यायचं. पुढे ते कातडं वाळलं, घाण मारू लागलं. निकासियाने ते काढून टाकलं. समोर उरलं नुसतं पालोमाचं पिल्लू, लख्ख पांढरं. ते माझ्या पोटाखाली शिरलं आणि पिऊ लागलं. त्या दिवशी माझे पाय कुणीही धरले नव्हते.

त्याचं नाव रित्ती ठेवलं. वाढून तो कळपातला सर्वांत देखणा नर झाला. यंदाच्या सणाला शेजारची तेओफिला आली. त्याच्या लोकरीत बोटं घालून म्हणाली, "अगंबाई, हा तर अगदी आईवर गेलाय!"

"हो ना," फोर्तुनातो म्हणाला, "दुसरी पालोमाच!"

"ही काय त्याची आई, इथेच उभी आहे," निकासिया म्हणाली.

"ही? ही तर तपकिरी!" तेओफिला खो खो हसली.

मित्रांनो, पालोमा मरून इतके पावसाळे झाले, तरी अजून पहिला मान तिचाच. जनावराला वेळेवर चारा घाला, पाणी दाखवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझी विनंती एवढीच, की चारा घालताना मागे कोण उभं आहे, तिकडेही एकदा बघा. आणि कधी आमच्या माळावर आलात, तर रित्तीचं कौतुक खुशाल करा. पण त्याची आई म्हणून नाव घ्याल ते माझं घ्या. तिचं नको.